मेसेज जात नाही, ओटीपी येत नाही: एसएमएस, आरसीएस आणि व्हॉट्सॲप यांतली गफलत कशी सोडवायची

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "मेसेज गेला नाही." पण त्या एका वाक्यामागे तीन वेगळे रस्ते असतात. साधा एसएमएस मोबाइल कंपनीच्या सिग्नलवरून जातो, त्याला इंटरनेट लागत नाही. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल यांचे निरोप इंटरनेटवरून जातात, सिमचा उपयोग फक्त नंबर पडताळण्यापुरता. तिसरा आरसीएस. तो दिसतो एसएमएसच्याच ॲपमध्ये, पण चालतो इंटरनेटवर. सगळ्यात जास्त गोंधळ हा तिसराच घालतो, कारण तो वापरतोय हेच अनेकांना ठाऊक नसते. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी निरोप कुठल्या रस्त्याने गेला ते बघा. ते न बघता फोन रीसेट करणे म्हणजे निव्वळ वेळ घालवणे.

ओळखायचे असे. गूगल मेसेजेसमध्ये लिहायच्या चौकटीत ‘आरसीएस मेसेज’ दिसत असेल तर तो इंटरनेटवरून जाणार, ‘टेक्स्ट मेसेज’ किंवा ‘एसएमएस’ दिसत असेल तर कंपनीच्या सिग्नलवरून. आयफोनवर निळा फुगा म्हणजे आयमेसेज, ॲपलची इंटरनेटवरून चालणारी स्वतःची सेवा. हिरवा फुगा म्हणजे एसएमएस किंवा आरसीएस, त्यातले नेमके कोणते ते लिहायच्या चौकटीत लिहिलेले असते. व्हॉट्सॲपवर एक टिक म्हणजे निरोप तुमच्या फोनमधून सर्व्हरपर्यंत गेला, समोरच्या फोनवर अजून उतरलेला नाही. म्हणजे तुमच्याकडे बिघाड नाही. समोरच्याचे इंटरनेट बंद आहे, फोन बंद आहे किंवा त्याने तुम्हाला ब्लॉक केले आहे. घड्याळाचे चिन्ह असेल तरच दोष तुमच्या बाजूचा.

एसएमएस जात नाही

सुरुवात रिचार्जपासून करा. बरेच जण डेटाचा छोटा पॅक मारतात आणि मूळ प्लॅनची मुदत संपलेली असते. डेटा चालतो, व्हॉट्सॲप चालते, पण एसएमएस जात नाही. बहुतेक अमर्यादित कॉलच्या प्लॅनमध्ये दिवसाला 100 एसएमएस असतात आणि त्यापुढच्या प्रत्येकाला पैसे लागतात. काही स्वस्त प्लॅनमध्ये रोजच्या 100 ऐवजी पूर्ण मुदतीसाठी एक ठरावीक आकडा असतो, तो पहिल्याच आठवड्यात संपू शकतो. कंपनीच्या ॲपमध्ये ‘उरलेले एसएमएस’ असा आकडा दिसतो, तो बघा. फक्त कॉल आणि एसएमएस हवेत, डेटा नको, असा प्लॅनही मिळतो. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलून कंपन्यांना तसे प्लॅन ठेवायला लावले. घरात कीपॅडचा फोन वापरणारे कोणी असेल तर तोच घ्यावा. दुकानदार तो आपणहून सुचवेलच असे नाही, नाव घेऊन मागा.

रिचार्ज ठीक असेल तर पुढची पायरी सर्व्हिस सेंटरचा नंबर. तुमचा एसएमएस थेट समोरच्याला जात नाही. तो आधी कंपनीच्या मेसेज सेंटरकडे जातो आणि तिथून पुढे पाठवला जातो. त्या सेंटरचा नंबर सिममध्ये साठवलेला असतो. तो पुसला गेला किंवा चुकला तर येणारे एसएमएस व्यवस्थित येतात, जाणारा मात्र एकही जात नाही. "येतात पण जात नाहीत" अशी तक्रार असेल तर पहिला संशय इथेच घ्या. अनेक अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये *#*#4636#*#* दाबल्यावर फोनची माहिती उघडते. त्यात खाली ‘एसएमएससी’ अशी ओळ असते, ‘रिफ्रेश’ दाबले की नंबर दिसतो. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर हा कोड चालत नाही. तिथे मेसेज ॲपच्या सेटिंगमध्ये ‘मोअर सेटिंग्ज’, मग ‘टेक्स्ट मेसेजेस’ यात ‘मेसेज सेंटर’ बघा. आयफोनवर *#5005*7672# डायल केले की नंबर समोर येतो. कीपॅडच्या फोनवर मेसेज सेटिंगमध्येच ‘मेसेज सेंटर’ असते. योग्य नंबर कंपनीच्या ग्राहक सेवेकडून, तुमच्या सर्कलसाठीचा म्हणून मागून घ्या. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, मुंबई वेगळे. नंबर +91 सकट, मध्ये जागा न सोडता भरायचा. आणि मित्राच्या फोनमधला नंबर उतरवून घेऊ नका, त्याची कंपनी किंवा सर्कल वेगळे असू शकते.

जिओच्या सिमची एक खास गोष्ट आहे. जिओचे 2जी किंवा 3जी जाळे नाही. त्यामुळे कॉल आणि एसएमएस दोन्ही व्होल्टीवर, म्हणजे 4जीच्या जाळ्यावरून कॉल करण्याच्या सोयीवर, अवलंबून असतात. बॅटरी वाचवण्यासाठी कोणी ‘4जी कॉलिंग’ किंवा ‘व्होल्टी’ बंद केले, किंवा नेटवर्कचा प्रकार ‘फक्त 3जी/2जी’ ठेवला, की एसएमएस थांबतो. बाकी कंपन्यांच्या सिमवर व्होल्टीची नोंदणी अडकली असेल तर ती क्षणभर बंद करून परत सुरू करणे किंवा विमान मोड 30 सेकंद लावून काढणे पुरते. त्याने फोन जाळ्याशी नव्याने नोंदला जातो.

मराठीत लिहिलेला एसएमएस तुटतो, महाग पडतो किंवा चौकोन दिसतात

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो लागू आहे आणि फोनच्या दुकानात तो कोणी समजावत नाही.

एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. साधी रोमन अक्षरे 7 बिटांची असतात, म्हणून 160 बसतात. देवनागरीला प्रत्येकी 16 बिट लागतात, म्हणून फक्त 70. आणि हे 70 म्हणजे डोळ्यांना दिसणारी 70 अक्षरे नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याचे चिन्ह, रिकामी जागा, सगळे वेगळे मोजले जाते. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरी दिसतो, एसएमएसच्या हिशेबात तो 10 आहे.

एक रोजचे वाक्य घेऊ: "आई, मी उद्या सकाळी आठच्या एसटीने निघतोय. दुपारी दोनपर्यंत स्वारगेटला पोहोचेन." हे 77 भरते, म्हणजे दोन एसएमएस. यातले ‘मी’ आणि ‘सकाळी’ काढले तर 68 होते, एका एसएमएसमध्ये बसते. निरोप लांबला की प्रत्येक तुकड्यात जोडणीची माहिती घालावी लागते, म्हणून दोन किंवा जास्त तुकडे असतील तर देवनागरीत प्रत्येकी 67 आणि रोमनमध्ये 153 एवढेच बसते. चार-पाच ओळींचा मराठी निरोप सहज चार एसएमएस खातो, आणि रोजच्या 100 मधून चार वजा होतात. सोसायटीच्या सभेची सूचना 30 घरांना एसएमएसने पाठवायची तर हा हिशेब आधी करा. चार तुकड्यांची सूचना 25 घरांपर्यंत जाऊन थांबेल.

रोमनमध्ये लिहिणाऱ्यांनीही सावध असावे. पूर्ण निरोप रोमनमध्ये असला आणि त्यात एकच ₹ चिन्ह, एक इमोजी किंवा एक वळणदार अवतरणचिन्ह आले, तरी सगळा निरोप 16 बिटांत जातो आणि मर्यादा 160 वरून 70 वर येते. रकमेसाठी रोमनमध्ये ‘आर’ आणि ‘एस’ ही अक्षरे लिहा. गूगल मेसेजेसच्या ‘ॲडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये ‘यूज सिंपल कॅरॅक्टर्स’ असा पर्याय असतो, तो वळणदार चिन्हे साधी करतो. इमोजी मात्र तुम्हालाच टाळावे लागतील.

समोरच्याला प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल तर दोष सहसा पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये असतो. सॅमसंगच्या मेसेज ॲपमध्ये ‘इनपुट मोड’ असतो. तो ‘जीएसएम अल्फाबेट’वर असला की देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात. ‘ऑटोमॅटिक’ करा. प्रश्नचिन्हांऐवजी रिकामे चौकोन दिसत असतील तर घेणाऱ्याच्या फोनमध्ये देवनागरीचा फाँट नाही, जुन्या कीपॅड फोनांत हे नेहमीचे. त्याला पाठवणाऱ्याकडे उपाय नाही, रोमनमध्ये लिहा किंवा फोन करा.

लांब निरोप अजून एका ठिकाणी अडकतो. काही फोन ठरावीक तुकड्यांपुढे एसएमएसचे आपोआप एमएमएस, म्हणजे फोटोही पाठवता येणारा जुना प्रकार, करतात. आपल्याकडे एमएमएस जवळपास कोणी वापरत नाही, त्याची सेटिंग नसते, आणि निरोप ‘पाठवत आहे’ वरच थांबतो. एकाच वेळी अनेकांना पाठवतानाही हेच होते. गूगल मेसेजेसमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खाली ‘ग्रुप मेसेजिंग’ आहे. तिथे एमएमएसचा पर्याय काढून प्रत्येकाला स्वतंत्र एसएमएस जाईल असा पर्याय निवडा.

ओटीपी येत नाही

ओटीपी बहुतेक वेळा आलेला असतो, दिसत नाही. गूगल मेसेजेसमध्ये वरच्या प्रोफाइल चित्रावर दाबून ‘स्पॅम अँड ब्लॉक्ड’ उघडा. आयफोनवर अनोळखी पाठवणाऱ्यांची चाळणी सुरू असेल तर मेसेज वेगळ्या यादीत पडतात. ट्रूकॉलरसारखे दुसरे ॲप मुख्य एसएमएस ॲप केले असेल तर तिथल्या वेगळ्या कप्प्यात बघा.

तिथेही नसेल तर फोनची जागा तपासा. साठवण काठोकाठ भरली की अँड्रॉइड नवा एसएमएस स्वीकारतच नाही. लग्नाचे व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपवरची सुप्रभातची चित्रे यांनी भरलेल्या फोनमध्ये बँकेचा ओटीपी दारातून परत जातो. एखादा जीबी मोकळा करा, अडकलेले मेसेज थोड्या वेळाने एकामागून एक येतील. कीपॅड फोनात सिमची स्वतःची साठवण फार लहान असते. जुने मेसेज पुसा आणि साठवण्याची जागा सिमवरून फोनवर न्या.

सिम नुकतेच बदलले असेल तर थांबणे हाच उपाय. हरवलेल्या सिमऐवजी नवे घेतले किंवा साध्या सिमचे ई-सिम केले, की सुरक्षेसाठी सुमारे 24 तास एसएमएस बंद ठेवले जातात, येणारेही आणि जाणारेही. हा बिघाड नाही. कोणी तुमच्या नावाने खोटे सिम काढले तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून ही सोय आहे, आणि ती अगदी योग्य आहे. त्या दिवशी बँकेचे काम ठेवू नका.

दोन सिमच्या फोनवर एका सिमवर कॉल चालू असताना दुसरे सिम बहुतेक फोनांत गप्प असते. बँकेच्या ग्राहक सेवेशी पहिल्या सिमवर बोलता बोलता दुसऱ्या सिमवर ओटीपीची वाट बघत बसलात तर तो कॉल संपल्यावरच येईल, तोवर त्याची मुदत गेलेली असेल.

डीएनडीमुळे ओटीपी थांबतो हा समज चुकीचा आहे. 1909 वर नोंदवलेली बंदी जाहिरातींसाठी असते, व्यवहाराचे मेसेज तिच्यात येत नाहीत. 2025 पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षरही दिसते: ‘पी’ जाहिरातीसाठी, ‘एस’ सेवेसाठी, ‘टी’ व्यवहारासाठी, ‘जी’ सरकारी. बँकेचा म्हणून आलेला मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून असेल तर त्यातल्या लिंकला हात लावू नका.

ओटीपी ‘पुन्हा पाठवा’ सारखे दाबू नये. दर वेळी आधीचा रद्द होतो. उशिराने आलेला पहिला आकडा तुम्ही भरता, तो चुकीचा ठरतो, आणि तीन-चार वेळा असे झाले की खाते काही तासांसाठी अडकते. एकदा दाबा आणि दोन मिनिटे थांबा.

यूपीआय ॲप ‘एसएमएस पडताळणी अयशस्वी’ म्हणते

इथे उलटे असते. ओटीपी येत नसतो, तुमच्या फोनमधून एक सांकेतिक एसएमएस बाहेर जात असतो. हा नंबर याच फोनमधल्या सिमचा आहे हे ॲपला त्यातून कळते. म्हणून तीन गोष्टी हव्यात: बँकेत नोंदलेले सिम त्याच फोनमध्ये, त्या सिमवर एसएमएस पाठवण्याइतका प्लॅन किंवा शिल्लक, आणि ॲपला एसएमएसची परवानगी. वायफायवर असलात तरी सिमला सिग्नल लागतोच. दोन सिम असतील तर ॲपमध्ये योग्य सिम निवडा. तरीही चुकत असेल तर तेवढ्यापुरते दुसरे सिम सेटिंगमधून बंद करा, हा उपाय बहुतेक वेळा लागू पडतो. आयफोनवर तयार एसएमएस समोर उघडतो. त्यातला मजकूर एका अक्षरानेही न बदलता आणि बरोबर सिमवरूनच पाठवायचा.

आयफोनवर आयमेसेज सुरू करतानाही असाच एक एसएमएस गुपचूप परदेशी नंबरवर जातो. प्रीपेडच्या रोजच्या 100 मध्ये तो बसत नाही, मुख्य शिल्लक लागते. ती शून्य असेल तर आयमेसेज ‘वेटिंग फॉर ॲक्टिव्हेशन’वर अडकून राहतो.

आरसीएस आणि आयमेसेजचा सापळा

गावाकडच्या वडिलांचे सिम स्मार्टफोनमधून काढून कीपॅडच्या फोनमध्ये घातले. त्यांना बँकेचे मेसेज येतात, पण मुलाचे येत नाहीत. कारण मुलाचा फोन अजून त्यांना आरसीएसवर समजतो आणि निरोप इंटरनेटवरच वाट बघत राहतो. सिम काढण्याआधी जुन्या फोनवर गूगल मेसेजेसच्या सेटिंगमध्ये आरसीएस बंद करा. फोन हाताशी नसेल तर गूगलच्या संकेतस्थळावर नंबर टाकून, त्यावर आलेल्या कोडने नोंद काढता येते. आयफोन सोडून अँड्रॉइड घेतला असेल तर ॲपलच्या संकेतस्थळावर आयमेसेजसाठी हीच सोय आहे. मुलानेही आपल्या फोनवर ‘आरसीएस न गेल्यास आपोआप एसएमएस पाठवा’ हा पर्याय सुरू ठेवावा.

मग काय कशाने पाठवायचे

फोटो, ऐकवायचा निरोप, गट, लांब मजकूर, परदेशातली माणसे: व्हॉट्सॲप किंवा त्यासारखे ॲप. व्हॉट्सॲप आणि सिग्नल ॲपवर पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत मजकूर कुलूपबंद असतो, एसएमएस तसा नसतो. म्हणून खासगी मजकूर, कागदपत्रांचे फोटो, पासवर्ड यांसाठी एसएमएस नको.

पण ॲप चालायला अटी आहेत. फार जुन्या अँड्रॉइडच्या फोनवर व्हॉट्सॲप आता चालत नाही. जिओफोनसारख्या, कायओएस या प्रणालीवर चालणाऱ्या फोनांनाही त्याचा आधार संपला आहे. गावात असे फोन अजून पुष्कळ आहेत. त्या माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप एका टिकवर पडून राहतो आणि 30 दिवसांनी सर्व्हरवरून पुसला जातो. तब्येतीचा किंवा पैशांचा निरोप अशा ठिकाणी अडकू देऊ नका.

घाटात, गडावर, दोन डोंगरांच्या मधल्या वाडीत सिग्नलची एक रेघ असते. इंटरनेटला ती सतत हवी, एसएमएसला क्षणभर मिळाली तरी चालते. घेणाऱ्याकडे सिग्नल नसेल तर मेसेज सेंटर तो ठेवून घेते आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. म्हणून हरिश्चंद्रगडावरून "खाली उतरतोय" हे एसएमएसने कळवा. गूगल मेसेजेसच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये पोहोचपावतीचा पर्याय सुरू केला असेल तर तो पोहोचला की नाही हेही कळते. इंटरनेट सरकारी आदेशाने बंद होते तेव्हाही, उदाहरणार्थ जून 2023 मध्ये कोल्हापुरात झाले तसे, ॲप गप्प होते आणि साध्या एसएमएसवर भिस्त ठेवावी लागते. आषाढीला पंढरपुरात मात्र एसएमएसही उशिरा पोहोचू शकतो, कारण लाखो फोन एकाच वेळी त्याच टॉवरांवर असतात. तिथे भेटीची जागा आणि वेळ आधीच ठरवलेली बरी.

व्हॉट्सॲपचे निरोप ॲप उघडल्यावरच एकदम येत असतील तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्याला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा आणि डेटा सेव्हरमधून सूट द्या. तारीख-वेळ चुकलेली असेल तरी ॲप जोडले जात नाही. ती ‘ऑटोमॅटिक’ ठेवा.

एवढे करूनही सुटत नसेल तर

तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा. तिथे चालले तर दोष पहिल्या फोनचा, नाही चालले तर सिमचा किंवा कंपनीचा. दोष सिमचा किंवा कंपनीचा असेल तर 198 वर तक्रार नोंदवा. दिवस, वेळ, कोणाचा मेसेज आला नाही, सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहिल्यावर काय झाले, हे सगळे सांगा आणि तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत जाता येते, आणि तिथे हा क्रमांक लागतो. एकाच बँकेचे मेसेज येत नसतील आणि बाकी सगळे येत असतील तर मोबाइल कंपनीकडे जाण्यात अर्थ नाही. शाखेत जाऊन खात्याला कोणता नंबर जोडलेला आहे ते आधी बघा.